डासाची प्रजाती ओळखणारी जनुकीय चाचणी : नमुने पाठवण्यापूर्वी वाचावे

हिवताप अॅनोफेलिस डासाच्या मादीमुळे पसरतो, हे आमच्या बहुतेक ग्राहकांना ठाऊक असते. नगरपालिका, साखर कारखाने व बांधकाम कंपन्या आमच्याकडे नमुने पाठवतात ते त्यापुढच्या प्रश्नासाठी: आपल्या परिसरातला अॅनोफेलिस नेमका कोणता? औषध कुठे फवारायचे आणि पाण्याचा कोणता साठा आधी तपासायचा, हे या उत्तरावर ठरते.

शहरी हिवतापाचा मुख्य वाहक असलेल्या अॅनोफेलिस स्टीफेन्सीचे वर्णन लिस्टन यांनी १९०१ मध्ये एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, नमुन्यांवरून केले. मुंबईत तो गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे आढळला. २०१६ मध्ये इथिओपियातील केब्री देहार येथे पकडलेले डास स्टीफेन्सीच आहेत, हे डीएनएच्या दोन भागांचा क्रम तपासून निश्चित झाले.

ग्रामीण भागातील अॅनोफेलिस क्युलिसिफेसीसची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. या एका नावाखाली ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच भगिनी प्रजाती येतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीही त्या एकमेकींपासून वेगळ्या दिसत नाहीत. भारतात बी ही प्रामुख्याने गुरांचे रक्त शोषते व हिवतापाच्या प्रसारात तिचा वाटा नगण्य असतो. उलट रामेश्वरम परिसरात व श्रीलंकेत आढळणारी ई ही प्रभावी वाहक आहे. त्यामुळे केवळ ‘क्युलिसिफेसीस आढळला’ असा अहवाल देणे आम्हाला पुरेसे वाटत नाही. पहिल्या पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याच्या चाचणीने) नमुना ए-डी किंवा बी-सी-ई यांपैकी कोणत्या गटातला आहे ते कळते आणि दुसऱ्या पीसीआरने त्या गटातली नेमकी प्रजाती ठरते. या नमुन्यांना इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो तो यामुळेच.

चाचणीसाठी डासाचा एक पाय पुरतो आणि उरलेले शरीर पुढील पडताळणीसाठी जपून ठेवता येते. मात्र प्रत्येक डास स्वतंत्र कुपीतच हवा. मागे एका ग्राहकाने एकाच बाटलीत चाळीसेक डास पाठवले होते. प्रवासात बहुतेकांचे पाय गळून तळाशी साचले होते आणि कोणता पाय कोणत्या डासाचा, हे सांगण्याचा कोणताच मार्ग उरला नव्हता. त्या ग्राहकाची आठवडाभराची मेहनत वाया गेली, याचे आम्हाला आजही वाईट वाटते. कुपीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे खडे घालून वर कापसाचा पातळ थर द्यावा व त्यावर डास ठेवावा. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या डासाला लवकर बुरशी धरते, म्हणून खड्यांचा रंग बदललेला दिसताच ते बदलावेत. फॉर्मलिनमुळे डीएनए खराब होतो, त्यामुळे त्यात बुडवलेले नमुने कृपया पाठवू नयेत.

कुपीवर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी लावावी. तीत नुसते गावाचे नाव न देता अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, तसेच डास घरात, गोठ्यात की उघड्यावर सापडला हे नोंदवावे. फक्त गोठ्यात पकडलेल्या डासांवरून घरातल्या डासांविषयी अंदाज बांधणे चुकीचे ठरते आणि प्रजातींच्या प्रसाराचा नकाशाही या नोंदींइतकाच अचूक होतो.

आमच्या अहवालातून प्रजाती कळते. तो डास त्या वेळी हिवतापाचे परजीवी बाळगून होता की नाही, हे कळत नाही. त्यासाठी डासाचे डोके व छाती यांची वेगळी तपासणी करावी लागते. ती हवी असल्यास नमुने पाठवतानाच तसे कळवावे.