उष्णता अडते कुठे?

गेल्या मे महिन्यात अकोल्याला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाच्याने दारातच गाठलं. "मामा, माझा सीपीयू बघ ना. सिनेमा कितीही वेळ लावा, काही होत नाही. गेम लावला की वीस-पंचवीस मिनिटांत आधी अडखळतो आणि मग फटकन बंद." दुकानात दाखवलं तर ग्राफिक्स कार्ड गेलंय, नवीन टाका, असं सांगितलं होतं. नवीन कार्ड म्हणजे घरातला एका महिन्याचा खर्च. त्यामुळे तो गप्प बसून होता, आणि मला ते फार लागलं.

आपण सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतो. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या डब्यातली एक छोटी चिप. सिनेमा चालतो आणि गेम चालत नाही, यातच निम्मं उत्तर असतं. व्हिडिओ उलगडायला चिपमध्ये वेगळा छोटा विभाग असतो, त्याला फार थोडी वीज पुरते. गेममध्ये मात्र प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही एकाच वेळी जीव तोडून काम करतात. भाच्याच्या कॉम्प्युटरसारखं मध्यम यंत्र अशा वेळी ३०० वॉटच्या आसपास वीज खेचतं, आणि जवळपास ती सगळी शेवटी उष्णताच होते. ३०० वॉट आत गेले की ३०० वॉट बाहेर पडायलाच हवेत.

हा आकडा फार मोठा नाही, पण जागा बघा. घरातली इस्त्री १००० वॉटची, तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॉट. प्रोसेसरमधली सिलिकॉनची चकती जेमतेम २ चौरस सेंटिमीटरची, तिच्यातून १०० वॉट निघतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५० वॉट. इस्त्रीच्या दहापट दाट उष्णता, आणि तरी तिला १०० अंशांच्या आत ठेवायचं असतं. म्हणून उष्णतेला तिथून सतत वाट काढून द्यावी लागते. चिपवरून तिच्या धातूच्या झाकणात, मग उष्णता वाहणाऱ्या पेस्टच्या थरातून प्रोसेसरवर बसवलेल्या कूलरच्या बुडात, तिथून पातळ पात्यांमध्ये, पात्यांवरून वाहणाऱ्या हवेत, डब्याच्या बाहेर, आणि शेवटी खोलीच्या बाहेर. या वाटेत एक टप्पा जरी तुंबला तरी मागचं सगळं तापत जातं.

चांगल्या कूलरमध्ये तांब्याच्या ज्या नळ्या दिसतात त्या भरीव नसतात. आत थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. बुडाशी वाफ होते, पात्यांपाशी जाऊन निवते, आणि पाणी नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत बुडाशी येतं. माठ ज्या गुणावर पाणी गार करतो, तोच गुण इथे कामाला लावलाय: पाण्याची वाफ होताना ते भरपूर उष्णता उचलतं. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अशी नळी करून दाखवली, तेव्हा डोळ्यांसमोर अवकाशयानं होती. मला ही नळी फार आवडते. एकही हलणारा भाग नाही, वीज लागत नाही, आणि वर्षानुवर्षं बिनबोभाट चालते.

आता बिघाड शोधायचा कसा? बहुतेक जण तापमानाचा आकडा बघतात आणि थांबतात. ९५ अंश! वाईट! पण त्या आकड्यापेक्षा तो किती वेळात गाठला, हे जास्त बोलकं असतं. एचडब्ल्यूइन्फोसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावून घड्याळ समोर ठेवा.

एक हिशेब करू. अर्धा किलो ॲल्युमिनियम एक अंशाने तापवायला साधारण ४५० ज्यूल लागतात (एक वॉट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल). १०० वॉटचा प्रोसेसर तेवढे साडेचार सेकंदांत देतो. म्हणजे पंखा बंद असला तरी तो कूलर ४० अंशांनी तापायला तीन मिनिटं लागायला हवीत. आणि समजा गेम सुरू होताच पाच सेकंदांत प्रोसेसर ५० वरून ९५ वर गेला, तर? तर उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. अशा वेळी कूलरच्या पात्यांना (पंख्यापासून बोट लांब ठेवून) हात लावला तर ती जेमतेम कोमट लागतात. दोष चिप आणि कूलर यांच्यामधल्या त्या कागदाएवढ्या फटीत असतो: पेस्ट वाळलेली, कूलरची एक खुंटी नीट न बसलेली, किंवा नवीन कूलरच्या बुडाची प्लॅस्टिकची पापुद्री काढायचीच राहिलेली.

उलट तापमान सावकाश, पंधरा-वीस मिनिटं चढत राहिलं, तर उष्णता कूलरपर्यंत येतेय, पुढे जात नाही. मग बाजूचं झाकण काढून तोच गेम तेवढाच वेळ खेळून बघा. तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं, तर डब्यात हवा खेळत नाही हे ठरलं. झाकण काढूनही फरक नाही, तर कूलरच्या पात्यांमध्ये धूळ आहे किंवा पंखा मंदावलाय. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे पथ्य मात्र पाळायचं. धूळ काढली, पेस्ट बदलली, पंखा नवा लावला, सगळं एकदम केलं तर कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

भाच्याचा आलेख सावकाश चढणारा होता. कारण टेबलाखाली वाकल्यावर दिसलं. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना सीपीयू ठेवायचा एक कप्पा असतो, तीन बाजूंनी बंद. मागून निघालेली गरम हवा प्लायवर आपटून पुढे येते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. शिवाय धूळ बसू नये म्हणून वरून कव्हर, तेही बहिणीने मायेने शिवलेलं. ते पाहून मला काही बोलवेना. आत पात्यांमध्ये धुळीचा नमदा झाला होता.

गॅलरीत नेऊन ब्लोअरने साफ केलं. एक काळजी घ्यावी: हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. पेस्टही बदलली. ही पेस्ट काही जादूची नव्हे. तांबं उष्णता वाहण्यात तिच्यापेक्षा कितीतरी पट सरस असतं, पण ती हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी. तिचं काम दोन पृष्ठभागांमधल्या बारीक खळग्यांतली हवा हटवण्यापुरतं, म्हणून वाटाण्याएवढी पुरते. जाड थर लावला तर तीच अडसर होते.

बंद पडण्याची तऱ्हाही वाचता यायला हवी. गेम अडखळतो तेव्हा चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत असते. निळा पडदा आला, तर चिपमध्ये किंवा रॅममध्ये एखादा हिशेब चुकला असण्याचा संभव, किंवा ड्रायव्हरचा घोळ. आणि दिवा विझल्यासारखं सगळं एका क्षणात गेलं, तर कुणीतरी वीज तोडलीय. चिप अतिशय तापली की ती स्वतः तसं करवते. पण तापमान ७० असतानाच असं झालं, तर उष्णतेचा पिच्छा सोडा आणि एसएमपीएस (डब्यातला वीज पुरवणारा भाग) बघा, यूपीएस बघा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटच झेपवतो. मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा गेम रंगात आला की तो आपणहून हात वर करतो, आणि आळ येतो कार्डावर.

एवढं सगळं करूनही खोलीची हवा उरतेच. खोली २६ वरून ४० अंशांवर गेली की चिपही साधारण तितकीच, चौदा अंशांनी वर सरकते. कूलर कितीही भारी असो, पंख्याच्या हवेवर चालणारा कोणताही कूलर चिपला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. अकोल्याच्या मेमध्ये हा आकडा सोसावाच लागतो. मग कामच कमी करायचं. चिपचा वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर त्या भागाचा वापर जवळजवळ १९ टक्के घटतो. हे जमायला थोडा अभ्यास लागतो. सोपा उपाय म्हणजे चित्रांची मर्यादा. भाच्याचा पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, कार्ड मात्र १४०-१५० काढत होतं. गेमच्या सेटिंगमध्ये ६० ची मर्यादा घातली, आणि कार्डाचा पंखा ऐकू येईनासा झाला.

टेबलाची मागची प्लाय स्क्रू काढून सोडवली, कव्हर प्रिंटरवर घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, खोलीत ३९ अंश असताना, भाचा सलग दीड तास खेळला. दर दहा मिनिटांनी तो वहीत आकडा लिहीत होता: ७४, ७७, ७९, ७९, ७९.