कोपऱ्यातले ९ टक्के येतात कुठून?

गेल्या महिन्यात भाचा राहायला आला होता. माझ्या जुन्या लॅपटॉपच्या खालच्या पट्टीकडे तो बराच वेळ बघत बसला आणि मग म्हणाला, "मामा, तुझा सीपीयू उड्या का मारतोय? आत्ता ९ टक्के होता, मग ३१, आता ६. एकदा रिफ्रेश मार ना."

रिफ्रेश! कॉम्प्युटर सुरू झाला की माउसचं उजवं बटण दाबून तीनदा रिफ्रेश मारायचा, हा आपल्याकडचा विधी आहे. पूजेआधी आचमन करावं तसा. कॉम्प्युटर क्लासात कुणीतरी शिकवलं आणि पिढ्यानपिढ्या चाललंय. त्याने होतं एवढंच, की डेस्कटॉपवरची चित्रं पुन्हा मांडली जातात. मेमरी साफ होत नाही, वेग वाढत नाही, व्हायरस पळत नाही. माझ्या लॅपटॉपवर तर डेस्कटॉपवर चित्रंच नाहीत, त्यामुळे भाच्याने उजवं बटण दाबून पाहिलं आणि काहीच आलं नाही म्हणून तो हिरमुसला.

पण त्याचा प्रश्न चांगला होता. सीपीयूचा, म्हणजे कॉम्प्युटरचं काम करणाऱ्या मुख्य चिपचा, आकडा उड्या का मारतो? आणि त्याहून मुळातला: 'आत्ता ९ टक्के' म्हणजे नक्की काय?

आधी पट्टीबद्दल थोडं. लॅपटॉप ४ जीबीचा, दहा वर्षांहून जुना. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि आय-थ्री हा हलका विंडो मॅनेजर (स्क्रीनवर खिडक्या मांडणारा प्रोग्राम) आहे. मिखाएल श्टापेलबर्ग या जर्मन प्रोग्रामरने तो २००९ मध्ये सुरू केला. त्याच्या पट्टीचे दोन भाग असतात. आय-थ्री-स्टेटस नावाचा छोटा प्रोग्राम ठरावीक वेळाने माहितीची एक ओळ लिहून पुढे सरकवतो आणि आय-थ्री-बार ती ओळ पट्टीवर रंगवतो. सेटिंग म्हणजे साधी मजकुराची फाइल. 'ऑर्डर' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींत कुठली माहिती कुठल्या क्रमाने हवी ते लिहायचं, आणि 'इंटरव्हल'पुढे किती सेकंदांनी हवी तो आकडा टाकायचा. माझ्याकडे सीपीयू, मेमरी, तापमान, बॅटरी, वायफाय आणि घड्याळ, इंटरव्हल ५. खिडक्या, टॅब, 'ओके' बटण यातलं काही नाही.

आता हा प्रोग्राम सीपीयूचा टक्का आणतो कुठून? 'प्रॉक' नावाच्या फोल्डरमधल्या 'स्टॅट' नावाच्या फाइलमधून. ही फाइल गमतीची आहे. तिचा आकार विचारला तर शून्य बाइट. उघडली तर आत भरपूर मजकूर. डिस्कवर ती नसतेच. कुणी वाचायला मागितली की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या क्षणी मजकूर तयार करून देतो. तलाठ्याच्या कार्यालयात सातबारा मागितला की प्रिंटरमधून त्या वेळचा उतारा निघतो, तसं. चालू प्रोग्रामची माहिती फाइलसारखी वाचता यावी ही कल्पना टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेच्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आणली. लिनक्सने ती उचलली आणि तीत हवं ते कोंबलं.

या फाइलची पहिली ओळ मी एकदा वाचली आणि ५ सेकंदांनी पुन्हा वाचली. ओळीत दहा आकडे असतात. त्यातले कामाचे सहा असे, क्रमाने यूजर, नाइस, सिस्टिम, आयडल, आयओवेट, सॉफ्टआयआरक्यू:

४८२१०  ३१२  १५८७०  ९०२१४५  ६१२०  ९३०
४८३४०  ३१२  १५९२०  ९०३९३५  ६१४०  ९४०

यात टक्का कुठेही नाही. टक्का कर्नलला माहीतच नसतो. त्याच्याकडे आहे ती फक्त बेरीज: मशीन सुरू झाल्यापासून सीपीयूने वापरणाऱ्याच्या प्रोग्रामसाठी किती वेळ घालवला (यूजर), त्यातल्याच मागे रेटलेल्या, कमी घाईच्या प्रोग्रामसाठी किती (नाइस), कर्नलच्या स्वतःच्या कामासाठी किती (सिस्टिम), हार्डवेअरने हाक मारल्यावर कर्नलला उरकाव्या लागणाऱ्या कामासाठी किती (सॉफ्टआयआरक्यू), किती वेळ नुसता बसून होता (आयडल), डिस्कची वाट बघत किती (आयओवेट). एकक सेकंदाचा शंभरावा भाग. हे आकडे सहसा फक्त वाढतात.

म्हणजे हा विजेचा मीटर झाला. मीटर 'या महिन्यात किती जाळलीत' हे सांगत नाही, तो बसवल्यापासूनचे युनिट दाखवतो. बिलावर चालू रीडिंग आणि मागील रीडिंग शेजारी शेजारी छापलेलं असतं, वजाबाकी केली की वापर कळतो. पट्टी दर ५ सेकंदांनी हेच करते. यूजर १३० ने वाढलं, सिस्टिम ५० ने, सॉफ्टआयआरक्यू १० ने, आयओवेट २० ने, आयडल १७९० ने. एकूण २०००. हे २००० कुठून आले? ५ सेकंद, सेकंदाचे १०० भाग आणि माझ्या मशीनला दिसणारे ४ कोअर, म्हणजे सीपीयूमधले स्वतंत्र कामकरी. ५ × १०० × ४. हिशोब तंतोतंत जुळला की मला अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो.

त्या २००० मध्ये खरं काम १९०, म्हणजे साडेनऊ टक्के. पण डिस्कची वाट बघत काढलेले २० कामात धरायचे की आरामात? कामात धरले तर साडेदहा. म्हणून दोन प्रोग्राम एकाच मशीनवर वेगळा टक्का दाखवतात आणि दोघेही खोटं बोलत नसतात. आणि मागचं रीडिंगच नसेल तर? व्हीएमस्टॅट ही जुनी कमांड चालवली की पहिल्या ओळीत मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी येते. वरच्या आकड्यांवरून ती साधारण पावणेसात टक्के निघते, मग आत्ता काहीही चालू असो. लोक नेमकी तीच पहिली ओळ बघून निष्कर्ष काढतात.

तर भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर हे: कुठल्याही एका क्षणी कोअर एकतर काम करत असतो किंवा नसतो. 'क्षणाचा ९ टक्के' अशी गोष्ट नाही. ९ टक्के हा दोन रीडिंगमधल्या काळाचा हिशोब आहे आणि तो काळ किती ठेवायचा हे सेटिंगच्या फाइलमध्ये मीच लिहिलंय. इंटरव्हल ६० केला तर पट्टी एकदम शांत, समंजस दिसेल. ०.१ सेकंद करता आला असता, तर चार कोअरचे मिळून ४० भागच हातात येतील. एक भाग इकडचा तिकडे झाला तरी आकडा अडीच टक्क्यांनी हलणार. विजेच्या बिलावरून मंगळवारी गीझर किती वेळ चालू राहिला ते कळत नाही, आणि दर मिनिटाला मीटर वाचायला माणूस उभा करण्यातही अर्थ नाही.

अजून एक पायरी खाली उतरतो, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा. कर्नल ही बेरीज करतो कशी? साध्या पद्धतीत ठरावीक वेळाने टिक पडते. माझ्या कर्नलमध्ये सेकंदाला २५० वेळा, म्हणजे दर ४ मिलिसेकंदांनी. टिक पडली की त्या क्षणी कोअरवर जो प्रोग्राम बसलेला सापडेल त्याच्या नावावर अख्खी टिक लिहायची. लोकलमध्ये टीसी चढला तेव्हा डब्यात जे होते ते सापडले. दोन स्टेशनांमध्ये चढून उतरून गेला त्याची नोंद नाही. एखादा प्रोग्राम टिकनंतर लगेच उठला आणि पुढची टिक पडण्याआधी झोपला, असं सतत करत राहिला, तर तो भरपूर काम करूनही पट्टीवर जवळजवळ शून्य दिसेल. असा प्रोग्राम मुद्दाम लिहिता येतो. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात त्याचा नमुना दिलेला आहे. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक वेळी कर्नलमध्ये शिरताना-निघताना घड्याळ बघून अचूक वेळ मोजायची. तशी सोय आहे, पण घड्याळ बघायलाही वेळ लागतो. शिवाय २००७ पासून लिनक्स रिकाम्या कोअरवर टिक पाडणंच थांबवू शकतो, कारण झोपलेल्याला दर ४ मिलिसेकंदांनी 'झोपलास का?' विचारण्यात शहाणपण नाही. तिथला आयडल वेळ घड्याळावरून काढावा लागतो.

पुन्हा वर येऊ. लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय, हाताला चटका बसतोय आणि पट्टी म्हणते २५ टक्के. हे कसं? एखादा प्रोग्राम अडकून एका कोअरवर गरगर फिरतोय, बाकीचे तीन रिकामे. चारांत एक, म्हणजे २५. चार कोअरच्या मशीनवर २५ हा आकडा हटकून स्थिर दिसला की मी सावध होतो. तो योगायोग नसतो.

आता माझी स्वतःची फजिती. आय-थ्री-स्टेटसआधी मी हौसेने स्वतःच शेल स्क्रिप्ट (एकामागून एक चालवायच्या कमांडची फाइल) लिहिली होती. सहा गोष्टी दाखवायच्या, प्रत्येकीसाठी फाइल वाचणारा एक, ओळ शोधणारा एक, शब्द कापणारा एक आणि आकडेमोड करणारा एक असे चार छोटे प्रोग्राम, तेही दर सेकंदाला. सेकंदाला २४ प्रोग्राम जन्माला घालायचे आणि मारायचे. तासाला ८६,४००. मशीनवर काही चालू नसतानाही पट्टी ७-८ टक्के दाखवायची आणि मी आठवडाभर दोषी शोधत होतो. दोषी पट्टीच होती! बॅटरीही लवकर उतरायची, कारण काम नसलं की प्रोसेसर गाढ झोपेत जाऊन वीज वाचवतो आणि माझी स्क्रिप्ट त्याला सारखी ढोसत होती. इंटेलच्या पॉवरटॉप या प्रोग्राममध्ये कोण सेकंदाला किती वेळा उठवतं त्याची यादी येते. सगळ्यात वर माझंच नाव.

हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे क्वांटमसारखं, बघितलं की बदलतं!" नाही हो. क्वांटम-बिंटम काही नाही. पेट्रोल किती उरलंय ते बघायला गाडी चालू ठेवली तर पेट्रोल जळणारच.

आय-थ्री-स्टेटस हे सगळं एकाच प्रोग्राममध्ये, फाइल थेट वाचून करतो, दर वेळी नवे प्रोग्राम उभे करत नाही. त्यात आणखी एक नाजूक काम आहे. तो नुसता '५ सेकंद झोप' असं करत नाही, तर मिनिटाच्या बरोबर ०० सेकंदाला जाग येईल अशी झोप मोजून घेतो, म्हणजे पट्टीवरचं घड्याळ मिनिट बदलताना मागे राहत नाही.

मेमरीबद्दल एकच. 'फ्री' आकडा दाखवू नका, 'अव्हेलेबल' दाखवा. लिनक्स रिकामी मेमरी नुकत्याच वाचलेल्या फाइली ठेवायला वापरतो आणि गरज पडली की मोकळी करतो, त्यामुळे फ्री कायम भीतिदायक दिसतं. अव्हेलेबलचा अंदाज कर्नल २०१४ पासून स्वतःच देतो. बॅटरीचे 'उरलेले तास' हा साधा भागाकार: २१.६ वॅट-तास शिल्लक आणि आत्ता ७.२ वॅट खर्च, तर तीन तास. व्हिडिओ लावला, खर्च दुप्पट झाला की तीनाचे दीड. बॅटरी खराब झालेली नसते.

सध्या मी पट्टी लपवून ठेवतो. कळ दाबली तरच दिसते. पट्टी लपली की आय-थ्री-बार स्टेटसच्या प्रोग्रामला सिग्नल देऊन जागच्या जागी थांबवतो आणि दिसायला लागली की पुन्हा सुरू करतो. वीज वाचते. पण त्यातही मीटरचा हिशोब आहेच. परवा पंखा अचानक जोरात फिरायला लागला, मी कळ दाबली, तर सीपीयू ४ टक्के. मागचं रीडिंग ४० मिनिटांपूर्वीचं होतं, तेव्हा हे ४ टक्के त्या ४० मिनिटांची सरासरी. कळ तशीच दाबून धरली. ५ सेकंदांनी आकडा बदलून २६ झाला.