उडती तबकडी, जाहिरातीची

उडती तबकडी, जाहिरातीची : हाताने गिरकी देऊन फेकायची, वर एखाद्या दुकानाचे, वाणाचे किंवा संस्थेचे नाव छापलेली हलकी चकती. ती विकण्याऐवजी बहुधा वाटण्यासाठीच बनवतात. ‘फ्रिसबी’ हे एका कंपनीचे व्यापारचिन्ह असले तरी बोलण्यात ते कोणत्याही उडत्या तबकडीला लावतात.

उगम : तबकडीच्या जन्माविषयी एकवाक्यता नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे विल्यम रसेल फ्रिस्बी यांनी १८७१ मध्ये भट्टी सुरू केली. तेथील ‘पाय’ या भाजलेल्या पदार्थाच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या आसपासचे विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावत, असे बहुतेक वृत्तांत सांगतात. हा मान नेमक्या कोणत्या महाविद्यालयाचा, यावर वाद आहे. येल विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने १८२० मध्ये चर्चमधील दानाचे ताट भिरकावल्याची कथा सहसा दंतकथेत जमा होते. मिडलबरी महाविद्यालयाने तर १९८९ मध्ये तबकडी झेलणाऱ्या कुत्र्याचा पुतळाच उभारला. पुतळा म्हणजे पुरावा नव्हे, एवढे येथे नोंदवणे पुरे.

प्लॅस्टिकच्या तबकडीचा माग बराच स्पष्ट लागतो. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन यांनी १९३७ च्या सुमारास पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण फेकून खेळायला सुरुवात केली. पुढे कॅलिफोर्नियातील सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर, दुकानात ५ सेंटला मिळणाऱ्या त्यांच्या केकच्या थाळीला कोणी तरी २५ सेंट देऊ केले आणि त्यांना त्यात धंदा दिसला. १९४८ मध्ये त्यांनी वॉरन फ्रॅन्सिओनी यांच्या भागीदारीत प्लॅस्टिकची तबकडी काढली. तिच्या रचनेचे श्रेय दोघांत कसे वाटावे, यावर नंतर मतभेद झाले. मॉरिसन यांची सुधारित ‘प्लूटो प्लॅटर’ साधारण १९५५ ची. तिचे हक्क १९५७ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने घेतले आणि त्याच वर्षी तिला फ्रिसबी हे नाव दिले. ब्रिजपोर्टची भट्टी १९५८ मध्ये बंद पडली. मॉरिसन यांची सुरुवात झाकण आणि केकच्या थाळीपासून झाली असल्याने भट्टीची थाळी आणि प्लॅस्टिकची तबकडी या दोन स्वतंत्र परंपरा नंतर नावापुरत्या एकत्र आल्या, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. भट्टीच्या थाळीवर मात्र भट्टीचे नाव उठवलेले असे. त्या अर्थाने जाहिरातीची तबकडी खेळण्याच्या तबकडीपेक्षाही जुनी ठरते.

माथ्यावरच्या कड्या : बहुतेक तबकड्यांच्या वरच्या पृष्ठावर काठाजवळ समकेंद्री उंचवटे असतात. ही व्हॅम-ओतील एड हेड्रिक यांची भर; तिचे एकस्व (पेटंट) त्यांना डिसेंबर १९६७ मध्ये मिळाले. कड्यांमुळे पृष्ठालगतचा हवेचा थर खवळतो, पृष्ठाला अधिक काळ चिकटून राहतो आणि उड्डाण स्थिर होते, असे त्यामागचे प्रतिपादन होते. कड्या उपयोगी आहेत याविषयी फारसा वाद नाही, पण त्यांचा वाटा किती हे ठरवणे अवघड आहे. काठाचा आकार आणि वजनाची वाटणी यांचा परिणाम बहुधा त्याहून मोठा असावा. जाहिरातीच्या तबकडीत कड्यांची छपाईशी गाठ पडते. खडबडीत पट्ट्यावर अक्षरे नीट उमटत नाहीत, म्हणून पुष्कळ बनवणारे कड्या गाळतात किंवा त्या काठालगत सरकवून मधला भाग सपाट ठेवतात. दुसरा उपाय बरा.

वजन आणि उड्डाण : अल्टिमेट या सांघिक खेळाची तबकडी १७५ ग्रॅ. वजनाची व सु. २७ सेंमी. व्यासाची असते, तिच्या दर चौ. सेंमी.वर सु. ०.३० ग्रॅ. भार येतो. वाटपासाठीची २३ सेंमी. व्यासाची, ९० ग्रॅ. वजनाची तबकडी घेतली तर हा भार ०.२२ ग्रॅ. होतो आणि तारेच्या कड्यावर ताणलेल्या, घडी घालून खिशात मावणाऱ्या २५ ग्रॅ.च्या कापडी तबकडीत तो जेमतेम ०.०५ ग्रॅ. उरतो. भार जितका कमी तितकी हवेची ओढ तबकडीला लवकर थांबवते. कापडी तबकडी हाताला लागत नाही, पण ती अंगणाच्या पलीकडे सहसा जात नाही.

तबकडी हवेत टिकते ती गिरकीमुळे. हवेचा वरचा रेटा मध्याच्या किंचित पुढे लागला की पुढचा काठ वर उचलला जाऊ लागतो. तबकडी फिरत नसेल तर ती लगेच उलटेल. फिरत असेल तर हा परिणाम काटकोनात वळून ती बाजूला कलते. वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारी तबकडी वेग ओसरताना डावीकडे झुकते ती यामुळेच. हा कल किती लवकर येईल हे निरूढी परिबलावर, म्हणजे गिरकीत बदल करण्याला तबकडी किती विरोध करते यावर, अवलंबून असते. सगळे वस्तुमान काठावर असलेल्या कड्याचे परिबल त्याच वजनाच्या व व्यासाच्या एकसारख्या चकतीच्या दुप्पट भरते. म्हणून प्लॅस्टिक वाचवायचे तर ते मधून वाचवावे, काठातून नव्हे. पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकची घनता दर घ. सेंमी.ला सु. ०.९ ग्रॅ. धरली तर २३ सेंमी. व्यासाच्या, १ मिमी. जाड सपाट चकतीला ३७ ग्रॅ.च्या आसपास माल लागतो. उरलेले वजन काठाला देता येते. खर्च कमी करण्यासाठी सरसकट जाडी घटवलेली तबकडी फेकल्यावर थरथरते आणि तिरकी होऊन पडते. अ‍ॅलन अ‍ॅडलर यांची १९८० च्या दशकातील एरोबी ही तबकडी मधला भाग पूर्ण काढून टाकलेली, नुसती कडी आहे. ती फार लांब जाते, पण नाव छापायला तिच्यावर जागाच नाही.

साचा व छपाई : जाड काठ आणि पातळ मध्य एकाच वेळी थंड होत नाहीत. पॉलिप्रॉपिलिन थंड होताना सु. १ ते २.५ टक्के आक्रसते आणि तबकडी बशीसारखी वाकू शकते. या प्लॅस्टिकला शाई सहज धरत नाही. आधी पृष्ठावर ज्योत फिरवावी लागते किंवा विद्युत प्रक्रिया करावी लागते, नाहीतर चार दिवसांत नाव नखाने निघते. देवनागरीची एक खास अडचण आहे. काठाच्या गोलाईवर मजकूर बसवला की प्रत्येक अक्षराची शिरोरेषा सरळच राहते आणि सांध्यांवर तुटते. शिरोरेषा वेगळी कमानदार रेखावी लागते. तबकडी सेकंदाला पाच-सात फेरे घेत असताना मजकूर मुळीच वाचता येत नाही, गोल रंगपट्टे तेवढे दिसतात. दुरून ओळख पटवायची असेल तर ती रंगांनी पटवावी, दूरध्वनी क्रमांक पोटाकडच्या बाजूला द्यावा.

ग्रामीण विदर्भ : येथे बियाणे, खते व कीटकनाशकांची जाहिरात खरिपाच्या तोंडावर जोर धरते. रंगवलेल्या भिंती, टोप्या, पिशव्या आणि दिनदर्शिका ही तिची रूढ साधने असून तबकडी त्या मानाने विरळ आहे. कृषी सेवा केंद्रे, यात्रा, आठवडी बाजार आणि तान्हा पोळा या वाटपाच्या स्वाभाविक जागा. साच्याचा खर्च मोठा असल्याने गावपातळीवरचा दुकानदार कोरी तबकडी घेऊन तिच्यावर छापून घेतो. रचनेचा प्रश्न त्याच्यापर्यंत येतच नाही. त्याच्या हाती रंग, मजकूर आणि वजनाची निवड एवढेच असते.

हवामान मात्र रचनेत धरावे लागते. मे महिन्यात पारा ४५° से.च्या वर जातो. टिनाच्या छपराखाली थप्पी लावून ठेवलेल्या कमी घनतेच्या पॉलिएथिलिनच्या तबकड्या वरच्या ओझ्याने वाकतात. पॉलिप्रॉपिलिन येथे अधिक टिकते, पण झेलताना बोटांना कडक लागते. उन्हात पडून राहणाऱ्या मालात अतिनील किरणरोधक मिसळलेला असावा. खेळायला वावरे मोकळी होतात तीही उन्हाळ्यातच, आणि तेव्हाचा वारा हलक्या तबकडीला मानवत नाही: वाऱ्याच्या तोंडावर फेकली तर ती वर चढून मागे येते, पाठवाऱ्यात लवकर खाली बसते. उभ्या पऱ्हाटीत (कपाशीत) गेलेली तबकडी शोधायची तर मातीचा व पानांचा रंग टाळलेला बरा. मेळघाट व गडचिरोलीकडील बुरूडकामाच्या आधारे बांबूची कडी करून तिच्यावर घट्ट विणीचे सुती कापड ताणता येईल, मात्र विरळ विणीतून हवा निसटते आणि बांबूची काडी उकलली तर हाताला लागते.

नियम : १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक आहे, सुरक्षेचे मानक आयएस ९८७३ हे होय. कायद्यात विक्रीबरोबर वितरणही येत असल्याने केवळ फुकट वाटली म्हणून तबकडी सुटत नाही. साच्याच्या सांध्यावर राहिलेली धार आणि शाईतील जड धातू या तपासणीतल्या मुख्य बाबी. १ जुलै २०२२ पासून बंदी असलेल्या एकल-वापर प्लॅस्टिकच्या यादीत तबकडी नाही. तिच्यासोबत लावला जाणारा १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक मात्र त्या यादीत आहे.