कामाच्या ठिकाणचा नकळत पूर्वग्रह आणि मराठवाडा

नकळत पूर्वग्रह म्हणजे मनात आधीच बसलेलं मत, जे आपल्याला स्वतःला जाणवतसुद्धा नाही आणि तरी समोरच्याचं आडनाव, गाव, धर्म, बोली कळली, बाई आहे का पुरुष ते दिसलं, की आपोआप कामाला लागतं. इंग्रजीत इम्प्लिसिट बायस, ऑफिसमधे लोक नुसतं बायस म्हणतात, मराठी पुस्तकांत सुप्त किंवा अव्यक्त पूर्वग्रह असं सापडेल. भरती कुणाची, बढती कुणाला, चुकलं तर मेमो कुणाच्या हातात आणि कुणाला नुसतं समजावून सोडायचं, असल्या रोजच्या छोट्या निर्णयांत तो दिसतो. तो कमी व्हावा आणि सगळ्या थरांतली माणसं कामावर यावीत, टिकावीत म्हणून कंपन्या जे करतात त्याला डायव्हर्सिटी किंवा वैविध्य म्हणायची पद्धत आहे.

कल्पना कुठून आली

अँथनी ग्रीनवाल्ड आणि महजरीन बानाजी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मधे हा विचार मांडला. बानाजी मूळच्या सिकंदराबादच्या, निजाम कॉलेज आणि उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या, नंतर अमेरिकेत गेल्या. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होता आणि १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत इथली कॉलेजं उस्मानियालाच जोडलेली होती, म्हणून ही सगळी परदेशातली भानगड आहे असं कुणी म्हणलं की मला ते पटत नाही.

१९९८ मधे ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी आयएटी, म्हणजे इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट, नावाची चाचणी आणली. स्क्रीनवर शब्द, चेहरे येतात, दोन बटणं दाबून ते दोन बाजूंना लावायचे आणि कुठली जोडी लावायला किती वेळ लागला हे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचं. उशीर लागला म्हणजे ती जोडी मनात नीट बसत नाही. पण तोच माणूस पुन्हा बसला तर निकाल बराच वेगळा येऊ शकतो, आणि चाचणी करणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय की एकेका माणसाला पारखायला किंवा नोकरीवर घ्यायला ती वापरू नका.

भारतातला पुरावा

आपल्याकडचं सगळ्यात महत्त्वाचं काम सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचं, २००७ मधे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आलेलं. थोरात हे छत्रपती संभाजीनगरच्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, जे बाबासाहेबांनी १९५० ला सुरू केलं, पुढं ते यूजीसीचे म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी इंग्रजी पेपरातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा, एक नाव सवर्ण हिंदू वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. पुढचं बोलावणं यायची शक्यता सवर्ण नावाला १ धरली तर दलित नावाला साधारण ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ निघाली. अर्जदार कुणी नव्हताच, कागद होते. म्हणजे मुलाखतीत नीट बोलला नाही, कॉन्फिडन्स नव्हता, ही नेहमीची कारणं इथं लागूच होत नाहीत.

त्याच सुमाराला कॅथरिन न्यूमन आणि सुरिंदर जोधका दिल्ली भागातल्या एचआर मॅनेजरांशी बोलले. आम्ही फक्त मेरिट बघतो असं ते सांगायचे आणि लगेच हेही सांगायचे की उमेदवाराला घरची पार्श्वभूमी विचारतो, वडील काय करतात, कुठले आहात.

मराठवाड्यात हा पूर्वग्रह कसा दिसतो

कोण्या गावचे तुम्ही? आडनाव काय? पाव्हणे कुठले? बसमधे शेजारी बसलेल्या माणसानं हे विचारलं तर ती आपुलकी असते, दोन मिनिटात कुणीतरी ओळखीचं निघतं आणि गप्पा सुरू होतात. तेच प्रश्न मुलाखतीच्या खुर्चीतनं आले की त्यांची चाळणी होते, विचारणाऱ्याला वाटतं मी जरा मोकळं वातावरण करतोय आणि समोरच्या पोराच्या पोटात गोळा येतो कारण आता आडनाव सांगावं लागणार. मी स्वतः एका मुलाखतीत बसलेलो, दहा मिनिटांतली सात मिनिटं गाव आणि नातेवाईक यातच गेली, मशीनबद्दल एकच प्रश्न आला, आणि विचारणारा माणूस स्वभावानं चांगला होता, हेच मला अजून आठवतं.

वाळूज, चिखलठाणा, शेंद्रा इथल्या एमआयडीसीतली किंवा जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांतली बरीच हातकामाची भरती पेपरात येतच नाही. ठेकेदाराला फोन जातो, तो आपल्या माणसाला सांगतो, तो भाच्याला. जाहिरात नाही, अर्ज नाही, म्हणजे थोरातांसारखा प्रयोग करायला जागाच नाही, कुणाला नाकारलं याचा कागद कुठंच राहत नाही. ज्या वस्तीतलं कुणीच आत नाही त्या वस्तीपर्यंत तो फोन पोचत नाही, आणि यात कुणी मुद्दाम वाईट वागलं असं बोट दाखवून सांगता पण येत नाही. माझ्या मते मराठवाड्यात बायस सगळ्यात जास्त ओळखीनं होणाऱ्या भरतीत लपलेला आहे.

मराठवाड्यातला माणूस पुण्याला गेला की तो दुसऱ्या बाजूला जातो, म्हणजे पूर्वग्रह त्याच्याबद्दलच धरला जातो. कामून, काहून असं बोलला की समोरचा हसतो, मग पोरं मिटिंगमधे बोलायचंच कमी करतात आणि वर्षअखेरीला कम्युनिकेशन कमी म्हणून मार्क कापले जातात. पण हेच आपल्याकडं बिहार, यूपीच्या कामगाराबद्दल होतं हे पण लिहिलं पाहिजे.

बायकांचं वेगळं. लग्न झालं का, लेकरं किती, नवऱ्याची बदली झाली तर काय करणार, हे प्रश्न पुरुषाला कुणी विचारत नाही. आणि ऊसतोडीत तर बाईचा हिशेबच वेगळा धरत नाहीत, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल मुकादम देतो ती बहुतेक नवऱ्याच्या हातात, मोळ्या बांधून डोक्यावरनं गाडीपर्यंत ती नेते आणि तिचं नाव कुठंच नसतं. बीड, धाराशिव, जालन्यातनं दरवर्षी लाखो माणसं अशी जातात, कामाच्या ठिकाणचं वैविध्य यावर बोलताना हे ठिकाण मोजलंच जात नाही.

'नकळत' या शब्दाची मर्यादा

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर गावोगाव दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. हे नकळत नव्हतं. त्यामुळं आडनाव बघून अर्ज बाजूला ठेवणाऱ्यानं माझा अनकॉन्शस बायस होता म्हणणं मला मान्य नाही, जाणूनबुजून केलेल्या भेदाला भेदच म्हणायचं आणि नकळत हा शब्द जिथं खरंच नकळत आहे तिथंच वापरायचा.

कशानं फरक पडतो

फिलाडेल्फियातल्या एका दुकानात नुसत्या वाट बघत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय माणसांना अटक झाली म्हणून स्टारबक्स या कॉफीच्या कंपनीनं २९ मे २०१८ ला अमेरिकेतली ८,००० च्या आसपास दुकानं दुपारनंतर बंद ठेवून सगळ्यांना ट्रेनिंग दिलं. पण एका दुपारच्या ट्रेनिंगनं फार काही होत नाही असंच संशोधन सांगतं. २०१९ च्या एका मोठ्या आढाव्यात जवळपास ५०० अभ्यास एकत्र पाहिले, चाचणीतले आकडे थोडे हलतात, वागणं त्यामुळं बदलल्याचा पुरावा मिळाला नाही. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव यांनी अमेरिकन कंपन्यांची बरीच वर्षांची माहिती तपासली, त्यात पण नुसत्या ट्रेनिंगपेक्षा कुणा एकावर जबाबदारी टाकणं जास्त उपयोगी ठरलं.

म्हणून मन बदलायची वाट बघण्यापेक्षा पद्धत बदलावी. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथं मार्क. पहिल्या छाननीत अर्जावरचं नाव, गाव झाकायचं. ट्रेडच्या कामाला तोंडी गप्पांऐवजी मशीनवर उभं करून काम बघायचं, आयटीआयच्या पोरांसाठी तर हेच खरं.

कायद्याचं थोडक्यात. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे, खासगी कंपनीत जातीवर आरक्षण नाही. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यानं सरकारी जागांत ४ टक्के आरक्षण दिलं आणि खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण जाहीर करायला सांगितलं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं १० किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती लागते, त्याहून छोट्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं, आणि आपल्याकडची बरीच दुकानं, डाळमिल, क्लासेस या दुसऱ्या प्रकारात येतात पण तिथल्या कितीतरी बायकांना अशी समिती असते हेच माहीत नसतं.

आणि एक गोष्ट जी वैविध्याच्या धोरणात कुणी लिहीत नाही, ती म्हणजे गाडी. दुसरी शिफ्ट रात्री उशिरा सुटते, तेव्हा पैठणकडं किंवा गंगापूरकडच्या खेड्यात जायला एसटी नसते, पोराला मित्राच्या मोटरसायकलवर जाता येतं, पोरीला घरचे जाऊ देत नाहीत, आणि रजिस्टरमधे लिहिलं जातं की मुली शिफ्टला तयार नसतात.