पडक्या इमारतीची प्रतिकृती: बुचापासून फोमपर्यंत

पडक्या इमारतीचा डायोरामा, म्हणजे छोट्या प्रमाणात घडवलेला देखावा, करायला घेतला की आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: इमारत कशाने पडली, आणि पडून किती काळ लोटला. प्रमाण, साहित्य, रंग हे सारे त्यानंतर. आदल्या रात्री बॉम्बने फुटलेल्या घरात राडारोडा कमरेएवढा असतो, मोडकी चौकट, काच, फाटके कागद असतात आणि सगळ्यावर चुन्याची भुकटी बसलेली असते. शतकानुशतके उघड्यावर उभ्या असलेल्या देवळाभोवती सुटे दगड फारसे दिसत नाहीत, कारण कामाचे दगड आसपासच्या लोकांनी कधीच उचलून नेलेले असतात. प्रतिकृतिकारांनी हे दोन्ही प्रकार हाताळले आहेत, पण वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणांसाठी. आज छंद म्हणून काम करणारा माणूस दोन्हीकडची तंत्रे एकत्र वापरतो. कुठले तंत्र कशासाठी घडले हे ठाऊक नसले की बॉम्बने पडलेल्या घरावर शेवाळ उगवते आणि जुन्या मंदिराच्या पायाशी ताज्या विटांचा ढीग येतो.

सुरुवात बुचाची, म्हणजे कॉर्कची. १७७० च्या दशकात रोम आणि नेपल्समध्ये प्राचीन वास्तूंच्या बुचाच्या प्रतिकृती करून विकणारे कारागीर होते. उत्तर युरोपातून इटली पाहायला येणारे श्रीमंत प्रवासी आणि राजेरजवाडे हे त्यांचे गिऱ्हाईक. रोमच्या आंतोनियो किकी (१७४३–१८१६) याने ३६ वास्तूंची मालिकाच तयार केली होती. जर्मनीतल्या कासेलच्या दरबाराने १७७७ ते १७८२ या काळात ती विकत घेतली आणि तिच्यातला बहुतेक भाग आजही तिथे आहे. बूच निवडण्याचे कारण सरळ होते. ते हलके, धारदार सुरीने सहज कापले जाणारे, आणि त्याच्या अंगावरची छिद्रे छोट्या प्रमाणात झिजलेल्या दगडासारखी दिसतात. संगमरवर किंवा लाकूड वापरून झीज कोरावी लागली असती. बुचात ती आयतीच होती.

जर्मनीत हीच कला कार्ल माय याने उचलली. हा दरबारी मिठाईवाला. मेजवानीच्या टेबलावर साखरेच्या इमारती उभ्या करणे हा त्या काळी मिठाईवाल्याच्या कामाचाच भाग असे, त्यामुळे प्रमाण आणि जोडकाम त्याच्या हातात होते. त्याचा मुलगा गेऑर्ग याने केलेले रोमच्या कलोसियमचे बुचातले रूप सुमारे तीन मीटर व्यासाचे आहे. आशाफेनबुर्गच्या योहानिसबुर्ग राजवाड्यात बाप-लेकांच्या कामाचा मोठा संग्रह पाहायला मिळतो.

या लोकांचा मुख्य गुण म्हणजे मोजमाप. वास्तू आज जशी आहे तशीच दाखवायची, कल्पनेने पूर्ण करायची नाही, ही त्यांची शिस्त. लंडनचा वास्तुविशारद सर जॉन सोन याच्या घरात, म्हणजे आजच्या त्याच्या संग्रहालयात, हा फरक एकाच ठिकाणी दिसतो: भग्न अवस्थेतल्या वास्तू बुचात, आणि त्याच काळातल्या वास्तूंची मूळची अखंड रूपे फुके या फ्रेंच कारागिराने केलेली, पांढऱ्याशुभ्र प्लास्टरमध्ये. पुढे नेपल्समध्ये पुरातत्त्वज्ञ ज्युसेप्पे फिओरेल्ली याच्या देखरेखीखाली १८६१ पासून पॉम्पेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या प्राचीन शहराची १:१०० प्रमाणातली विशाल प्रतिकृती होऊ लागली. तिच्यात भिंतींवरची चित्रेही बारीक कुंचल्याने उतरवली गेली. खोदकामानंतर ऊन-पावसात मूळ भिंतींवरची काही चित्रे नष्ट झाली, त्यामुळे त्यांच्यासाठी आता ही प्रतिकृतीच पुरावा ठरते.

बूच आजही उपयोगी आहे. दोन-तीन मिलिमीटर जाडीचा बारीक दाण्याचा पत्रा घ्यावा. जाड दाण्याचा घेतला तर १:१०० मध्ये एक मिलिमीटरचे छिद्र म्हणजे खऱ्या भिंतीत दहा सेंटिमीटरचा खड्डा होतो, आणि डोळ्याला ते लगेच खटकते. पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद एकाच बाजूला लावला की पत्रा वळतो. म्हणून चिकटवल्याबरोबर सपाट वजनाखाली रात्रभर ठेवावा लागतो.

१८२२ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेर आणि शार्ल बुतों यांनी डायोरामा नावाचा खेळ सुरू केला, तेव्हा त्यात प्रतिकृती नव्हतीच. अर्धपारदर्शक कापडावरचे अवाढव्य चित्र, मागून-पुढून बदलता प्रकाश आणि प्रेक्षकांसकट फिरणारा मंच, एवढाच मामला. पण दागेरच्या गाजलेल्या विषयांपैकी एक होता स्कॉटलंडमधील होलीरूड चॅपेलचे चांदण्यातले भग्नावशेष. पडक्या कमानीतून येणारा प्रकाश किती परिणाम साधतो हे त्याने दाखवून दिले. नंतर संग्रहालयांनी समोर घडीव वस्तू आणि मागे चित्रित पडदा अशी मांडणी रूढ केली, आणि डायोरामा म्हणजे घडवलेला देखावा हा अर्थ पक्का झाला.

दुसऱ्या महायुद्धाने भग्न वास्तूचा प्रकारच बदलला. युरोपातली शहरेच्या शहरे काही तासांत पडली, आणि काही शहरांनी स्वतःच्या विध्वंसाची प्रतिकृती करून ठेवली. हानोव्हरच्या नगरभवनात शहराच्या चार प्रतिकृती शेजारी शेजारी आहेत: १६८९, १९३९, १९४५ आणि आजची. १९४५ ची पाहिली की छपरे नसलेल्या, आतून पोकळ झालेल्या घरांच्या रांगा दिसतात. व्यूर्त्सबुर्गच्या जुन्या नगरभवनातही १६ मार्च १९४५ च्या हल्ल्यानंतरचे शहर असेच उभे आहे. पडकी इमारत करणाऱ्याने या प्रतिकृतींची छायाचित्रे जरूर पाहावीत. एकेका घरात न अडकता रस्त्याच्या रस्ता कसा पडतो हे त्यातून कळते.

छंदाच्या बाजूने पाहिले तर पाया जपानमध्ये घातला गेला. तामिया या कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचा, घरी जोडायचा आणि मोटरवर चालणारा संच काढला. आत बॅटऱ्या आणि मोटर बसतील असा आकार धरल्यावर प्रमाण १:३५ च्या आसपास आले, आणि तेच पुढे लष्करी प्रतिकृतींचे रूढ प्रमाण झाले. रणगाडा झाला, सैनिक झाले, मग त्यांना उभे करायला जागा हवी, म्हणून पडकी भिंत आली. अमेरिकेत शेपर्ड पेन याने १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या संचांसोबत जाणाऱ्या पत्रकांतून देखाव्याची रचना कशी करावी हे हजारो घरांत पोचवले. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडनने प्लास्टरमध्ये ओतलेल्या पडक्या इमारती बाजारात आणल्या. पुढे युक्रेनच्या मिनीआर्टसारख्या कंपन्यांनी तापवलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर ओढून केलेल्या स्वस्त इमारती दिल्या.

या वळणावर मोजमापाची जुनी शिस्त मात्र ढिली झाली, आणि आजच्या बहुतेक चुका तिथूनच येतात. इमारत रणगाड्याची पार्श्वभूमी झाल्यामुळे भिंत किती जाड हवी हे कोणी तपासेना. साच्यातल्या प्लास्टिकच्या भिंतीची तुटलेली कड तर पोकळच असते. ती भरून वर विटा कोरल्या नाहीत तर सारा खेळ पुठ्ठ्याचा वाटतो.

त्या काळच्या जर्मन शहरी घराचे उदाहरण घ्या. वीट साधारण २५ × १२ × ६.५ सेंटिमीटर. १:३५ मध्ये ती ७.१ × ३.४ × १.९ मिलिमीटर होते. भिंत खाली जाड आणि वर पातळ: तळात दोन विटांची, म्हणजे ५१ सेंटिमीटर, मध्ये दीड विटेची ३८, आणि वरच्या मजल्यावर एका विटेची २५. प्रतिकृतीत हे अनुक्रमे १४.६, १०.९ आणि ७.१ मिलिमीटर येते. जाडी बदलते तिथे आतून छोटा कट्टा तयार होतो आणि लाकडी तुळया त्याच्यावर टेकतात. तुळई जळून गेली तरी भिंतीतले तिचे चौकोनी भोक राहते. साधारण ६ × ७ मिलिमीटरची ही भोके २३ ते २६ मिलिमीटर अंतराने एका ओळीत काढावीत. पाहणाऱ्याला मजला कुठे होता हे त्यावरूनच समजते.

आपल्याकडे यासाठी ५ मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमचा टणक पत्रा) सोयीचा पडतो. तीन थर म्हणजे तळमजला, दोन थर आणि एका बाजूला एक मिलिमीटर गिलावा म्हणजे मधला मजला, एक थर आणि दोन्ही बाजूंनी गिलावा म्हणजे वरचा. विटा उघड्या दाखवायच्या असतील तर एक्सपीएस फोम (घट्ट, मणी नसलेला पॉलिस्टायरीन फोम) बरा: वरचे गुळगुळीत आवरण सोलून काढायचे, बोथट पेन्सिलीने थर आखायचे, चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबून पृष्ठभाग खडबडीत करायचा. साधे पांढरे थर्माकोल टाळावे, कारण कापल्यावर त्याचे मणी सुटतात. फेव्हिक्विक आणि डब्यातला फवारा-रंग दोन्ही फोम खातात. पांढरा गोंद आणि ॲक्रिलिक रंग यांच्या मिश्रणाचा एक हात आधी द्यावाच लागतो.

पडलेली कड हा खरा कसोटीचा भाग. विटांची भिंत सांधेमोडीने बांधलेली असते, म्हणून ती तुटते ती दर्जांमधून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, पायऱ्यापायऱ्यांनी. फोम मात्र हाताने मोडला तर पावासारखा फाटतो. तो थराथराने कापत जावे: एका थरात अर्धी वीट, पुढच्यात पूर्ण, मध्येच एखादी वीट लोंबती. इथे जुने पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) अजूनही सरस आहे. वजनाने १०० भाग पावडरीला ६० ते ७० भाग पाणी घेऊन ११ मिलिमीटरची लादी ओतावी, ओलसर असतानाच दर्जा कोराव्यात, पूर्ण वाळल्यावर हाताने मोडावी. तडा बऱ्याचदा कोरलेल्या दर्जेतूनच जातो. दोष एवढाच की ३० × २५ सेंटिमीटरची एक भिंत जवळपास किलोची होते आणि प्रवासात कोपरे टवके टाकतात.

सगळ्यात जास्त फसगत राडारोड्यात होते. दहा मीटर लांब, तीन मीटर उंच, दीड विटेची भिंत पडली असे धरा. १:३५ मध्ये तिचे घनफळ सुमारे २६५ घनसेंटिमीटर. ढिगाऱ्यात पोकळ्या असल्याने ती अंदाजे ३५० ते ४०० घनसेंटिमीटर जागा व्यापते. म्हणजे एका मजल्याच्या एका भिंतीचा माल दीड-दोन पेले भरतो. बहुतेक डायोरामांत मूठभर विटा विखुरलेल्या असतात आणि पाहणाऱ्याला कळेना की घर गेले कुठे. त्या भिंतीत चार हजारांवर विटा असतात. त्या सगळ्या कापण्याची गरज नाही. आतला उंचवटा फोमच्या तुकड्यांचा करून वरच्या थरात तीन-चारशे विटा, गिलाव्याचे पापुद्रे, तुळयांचे तुकडे आणि चाळलेली पीओपी भुकटी घालावी. ढीग भिंतीच्या पायाशी जाड आणि बाहेर पातळ होत जातो. ताज्या ढिगाऱ्याचा रंग विटकरी कमी आणि चुन्याचा फिकट राखाडी जास्त असतो. विटांचा लाल पावसानंतर उघडा पडतो.

कारणही दिसले पाहिजे. आगलाव्या बॉम्बने जळालेल्या घराची दर्शनी भिंत बहुधा उभी राहते, छत आणि मजले खाली येतात, आणि प्रत्येक खिडकीच्या वर काजळीचा पट्टा वर चढलेला असतो. स्फोटक बॉम्बने भिंतच जाते. कोपरे, धुराडी आणि जिन्याचा खण मात्र अनेकदा तग धरतात, कारण तिथे भिंती एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात. मधली सपाट भिंत एकटी उभी ठेवून कोपरा पाडला की रचना खोटी ठरते.

आपल्याकडे दिवाळीचा किल्ला घराघरात होतो, पण त्यात गड नांदता असतो. मावळे पहाऱ्यावर, अळीव-मोहरीचे हिरवे रान. भग्न वास्तूसाठी जवळचा आणि अभ्यासाला फार मोलाचा विषय जुन्या गोव्यात आहे: सेंट ऑगस्टिन चर्चचा मनोरा. १८३५ मध्ये मठ रिकामा झाला, १८४२ मध्ये चर्चचे कमानी छत पडले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा कोसळला. पडझडीचा क्रमच तारखांसह हाती असणे दुर्मीळ. मनोरा सुमारे ४६ मीटर, म्हणजे १:३५ मध्ये १३१ सेंटिमीटर, जो घरात मावणे कठीण. १:७२ मध्ये ६४ आणि १:१०० मध्ये ४६. बांधकाम जांभ्याचे असल्याने इथे दोनशे वर्षांपूर्वीचे बूच पुन्हा कामाला येते: बारीक दाण्याचा पत्रा तांबूस तपकिरी रंगवला की जांभ्याची छिद्रे वेगळी कोरावी लागत नाहीत. त्यावर पावसाच्या पाण्याचे काळे ओघळ माथ्यापासून खाली उतरवावेत, गिलाव्याचे तुरळक पट्टे आडोशाच्या बाजूला ठेवावेत. पायथ्याशी ढीग घालू नये. परिसर उपसून स्वच्छ केलेला आहे, आणि तिथे दिसतात त्या भिंतींच्या खालच्या रेषा.

अलीकडे छायाचित्रांच्या मालिकेतून संगणकावर त्रिमितीय रूप बनवता येते आणि किकीच्या काळातले मोजमाप पुन्हा हाताशी आले आहे. साठ-सत्तर टक्के एकमेकांवर येणारी चित्रे, ढगाळ प्रकाशात, एकाच फोकल लांबीवर, म्हणजे झूम न बदलता, घेतली तर चांगला परिणाम मिळतो. शेजारी माहीत मापाची काठी ठेवायला विसरू नये, नाहीतर रूप बरोबर येऊनही प्रमाण हाती लागत नाही. जमिनीवरून घेतलेल्या चित्रांत भिंतीचा माथा आणि तुटलेल्या कडेची जाडी येत नाही. ती उंचावरून टिपता येत नसेल तर दाराच्या किंवा खिडकीच्या खाचेत फीत लावून जाडी मोजावी आणि त्यावरून वरचा भाग बेतावा.