दुचाकीचा कॅटलिटिक कन्व्हर्टर: आला, गेला, परत आला

आज शोरूममधून बाहेर पडणाऱ्या पेट्रोलच्या प्रत्येक दुचाकीत, बेंड पाइपमध्ये किंवा सायलेन्सरच्या तोंडाशी, कॅटलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा हा भाग, गॅरेजच्या भाषेत 'कॅट'. तो बीएस-६ या २०२० च्या प्रदूषण नियमांबरोबर आला असं बरेच जण समजतात. प्रत्यक्षात भारतीय मोटारसायकलला कॅट पहिल्यांदा लागला डिसेंबर १९९६ मध्ये, टीव्हीएस-सुझुकीच्या ११० सीसी शोगनला, आणि शोगन टू-स्ट्रोक होती. पुढे फोर-स्ट्रोकचा जमाना आला तसा तो मागे पडला आणि नियम आवळले तेव्हा परतला. या ये-जा करण्याची कारणं कॅटमध्ये कमी, पेट्रोल, तेल आणि कार्ब्युरेटर यांत जास्त आहेत.

मूळ कल्पना युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याची. जड तेलापासून उत्प्रेरकाच्या (स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थाच्या) मदतीनं पेट्रोल काढण्याची त्याची पद्धत १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर चालू झाली. पेट्रोल वाढवणाऱ्या याच माणसानं नंतर त्याच्या धुराकडे लक्ष वळवलं आणि १९५६ मध्ये कन्व्हर्टरचं पेटंट मिळवलं. यंत्र चालत होतं, पण रस्त्यावरच्या पेट्रोलमध्ये शिसं होतं. शिशाचा थर उत्प्रेरकावर बसला की धुरातले वायू त्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा आणि त्यामागून बिनशिशाचं पेट्रोल येईपर्यंत, म्हणजे १९७५ च्या मॉडेलच्या मोटारींपर्यंत, हूड्रीची कल्पना बाजूला पडून होती. मोटारसायकलला तर त्याहून उशीर झाला. ऑक्सिजन सेन्सरच्या नियंत्रणाखाली चालणारा थ्री-वे कॅट (कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजन ऑक्साइड या तिन्हींवर काम करणारा) बीएमडब्ल्यूनं आपल्या के-मालिकेच्या मोटारसायकलींवर १९९१ मध्ये दिला.

आपल्याकडेही आधी शिसं जायची वाट पाहावी लागली. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल मिळू लागलं आणि तिथल्या नव्या मोटारींना कॅट सक्तीचा झाला. देशभरातून शिसं हद्दपार झालं १ फेब्रुवारी २००० रोजी. मधली पाच वर्षं विचित्र होती. मुंबईत भरलेली टाकी कॅटला चालायची, पण गाडी घेऊन गावी गेलं की तिथल्या पंपावर शिशाचंच पेट्रोल. अशा काही टाक्या झाल्या की कॅट मेला, आणि चालवणाऱ्याला पत्ताही नाही, कारण मेलेल्या कॅटनं गाडीचा पिकअप तसूभर कमी होत नाही. शिसं वास देत नाही, आवाज करत नाही.

टू-स्ट्रोकला कॅट लावायची गरज का पडली, ते आकड्यांवरून कळतं. दुचाकींसाठी १९९१ च्या पहिल्या नियमांत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला १२ ते ३० ग्रॅम होती. १९९६ मध्ये ती एकदम ४.५ वर आली, तर हायड्रोकार्बन (न जळलेलं पेट्रोल) आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून ३.६ ग्रॅम. २००० मध्ये दोन्ही आकडे २ ग्रॅमवर. टू-स्ट्रोकमध्ये ट्रान्सफर पोर्ट (मिश्रण आत येण्याची वाट) आणि एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जाण्याची वाट) एकाच वेळी उघडे असतात, त्यामुळे ताज्या मिश्रणाचा चौथा ते तिसरा हिस्सा न जळताच सायलेन्सरमध्ये जातो. हे कार्ब्युरेटरचा जेट बदलून सुटणारं दुखणं नव्हतं. नायट्रोजन ऑक्साइड मात्र टू-स्ट्रोक मुळातच कमी सोडतो, कारण जुना धूर सिलिंडरमध्ये बराच उरतो. म्हणून साधा ऑक्सिडेशन कॅट पुरेसा ठरला: उरलेल्या ऑक्सिजनवर मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जाळायचं, बस्स.

पण 'जाळायचं' इथेच मेख होती. एवढं कच्चं पेट्रोल कॅटमध्ये पेटलं की आतलं तापमान सहज ८०० अंशांच्या वर चढतं. प्लॅटिनम-पॅलेडियमचे कण ज्या ॲल्युमिनाच्या सच्छिद्र लेपावर विखुरलेले असतात तो लेप उष्णतेनं आकसतो, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि काम करणारा पृष्ठभाग घटतो. कॅट इंजिनपासून लांब बसवावा तर सिग्नलला उभ्या गाडीत तो थंड पडतो. २५० ते ३०० अंशांखाली त्याचं काम सुरूच होत नाही. शिवाय टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबायचा डबा नव्हे. त्यातून परत येणाऱ्या दाबाच्या लाटेवर ताकद ठरते. मध्ये कॅटची जाळी आली की लाट बिघडली, आणि 'गाडी ओढत नाही' ही तक्रार त्यातूनच आली.

त्यात टूटी तेल, म्हणजे टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर जळणारं वंगण. त्याची राख जाळीच्या तोंडावर साचते. कमी धूर करणारं तेल पुढे सक्तीचं झालं ते काही अंशी यासाठीही. आणि गॅरेजची जुनी सवय आडवी आली ती वेगळीच. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर कार्बननं तुंबला की तो भट्टीवर लाल करून जाळायचा किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर भरून ठेवायचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय. साध्या पत्र्याच्या सायलेन्सरला तो उत्तम. कॅट असलेल्या सायलेन्सरला तो मारक: सोडा ॲल्युमिनाला विरघळवतो, म्हणजे कार्बनबरोबर लेप आणि त्यावरचा मौल्यवान धातूही गटारात. सायलेन्सर स्वच्छ दिसायचा, गाडी पूर्वीसारखी पळायची, आणि कॅट उरायचा तो नावाला.

मग टू-स्ट्रोकच बाजूला झाला. स्प्लेंडर १९९४ ची, ॲक्टिव्हा आणि पल्सर २००१ च्या. फोर-स्ट्रोक इंजिन व्हॉल्व्हमुळे कच्चं मिश्रण फारसं गळू देत नाही, त्यामुळे २००० ची मर्यादा पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रण आणि नीट इग्निशन टायमिंगवर, कॅटशिवाय गाठता येत होती. कंपन्यांनी महागडा धातू वाचवला, यात नवल नाही. त्यातच तेव्हाचा भारतीय ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे धूर मोजताना गाडी चालवण्याचा ठरलेला क्रम, मवाळ होता: १०८ सेकंदांचं एक आवर्तन, तसं सहा वेळा, आणि कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. पुण्यातल्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या रोलरवर गाडी ज्या वेगानं तपासली जायची, त्याहून जोरात ती कर्वे रस्त्यावर चालायची.

२००५ मध्ये मर्यादा १.५ ग्रॅमवर आणि २०१० च्या बीएस-३ मध्ये १ ग्रॅमवर आली, तेव्हा कॅट परतला, पण सोबतीला एक साधी झडप घेऊन. एअर फिल्टरपासून एक रबरी नळी रीड व्हॉल्व्हमार्गे थेट एक्झॉस्ट पोर्टला जोडायची. धुराच्या दोन ठोक्यांमध्ये क्षणभर उणा दाब होतो, तेव्हा ताजी हवा आपोआप ओढली जाते आणि कॅटला जळणासाठी ऑक्सिजन मिळतो. पंप नाही, वायर नाही. ही नळी तडकली किंवा रीडच्या पातीवर कार्बन बसला की ॲक्सिलरेटर सोडताना सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. त्यावर नळीत बोल्ट कोंबणं हा गॅरेजचा आवडता इलाज. आवाज थांबतो, कॅटही उपाशी राहतो.

२९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांची विक्री बंद केली. तेव्हा देशभर सुमारे सव्वाआठ लाख गाड्या पडून होत्या, त्यांत पावणेसात लाखांच्या आसपास दुचाकी. शेवटच्या दोन दिवसांत शोरूमपुढे लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. तांत्रिक उडी मात्र १ एप्रिल २०२० ची. बीएस-३ मध्ये हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड मिळून १ ग्रॅम चालत होते. बीएस-६ मध्ये हायड्रोकार्बनला ०.१ आणि नायट्रोजन ऑक्साइडला ०.०६ ग्रॅम. इथे जाळून भागत नाही. नायट्रोजन ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो, ते काम ऱ्होडियमचं, आणि ते धुरात जादा ऑक्सिजन असेल तर होत नाही. म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ च्या (एक भाग पेट्रोलला वजनानं तेवढे भाग हवा) अगदी जवळ धरून ठेवायला हवं. कार्ब्युरेटरला ते जमत नाही. म्हणून फ्युएल इंजेक्शन, बेंड पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) हे तिघं एकदमच आले. (२० टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलसाठी हे प्रमाण साधारण १३.५ पर्यंत उतरतं. सेन्सर असल्यामुळे ईसीयू ते सांभाळून घेतो.) पेट्रोलमधलं गंधकही याच टप्प्यावर ५० पीपीएमवरून (दहा लाखांत ५० भाग) १० पीपीएमवर आणलं गेलं, कारण गंधक शिशासारखंच, फक्त सावकाश, उत्प्रेरक झाकतं.

चाचणीही बदलली. नव्या सायकलमध्ये थंड इंजिनाचे पहिले सेकंदही मोजले जातात, म्हणून कॅट सायलेन्सरच्या पोटातून निघून इंजिनजवळ सरकला. दुचाकीत तो बहुधा धातूच्या पातळ पत्र्याच्या जाळीचा असतो: लोखंड, क्रोमियम, ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, सपाट आणि नागमोडी पत्रे गुंडाळून केलेला. मोटारीतली सिरॅमिकची वीट दुचाकीच्या थरथरीत लवकर तडकते, आणि पत्रा तापतोही पटकन.

आजचा कॅट मरतो तो बहुतेक वेळा इग्निशनमुळे. प्लग किंवा कॉइल खराब होऊन मिसिंग होत असताना (म्हणजे अधूनमधून ठिणगी चुकत असताना) गाडी तशीच दामटली, तर कच्चं पेट्रोल जाळीत जळतं, पत्रा वितळतो आणि वाट बुजते. खूण अशी: गाडी ५०-६० पर्यंत ठीक, पुढे ॲक्सिलरेटर पिळला तरी वेग वाढत नाही, आणि अंधारात बेंड पाइप लालसर दिसतो. अशा वेळी आधी मिसिंग काढावं, मग पाइप बदलावा. उलटं केलं तर नवा कॅटही त्याच वाटेनं जातो.

जाळी सळईनं फोडून टाकणारेही आहेत, आणि इतकी वर्षं ते पकडले का गेले नाहीत याचं उत्तर पीयूसीत आहे. २००० नंतरच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला आयडलवर, म्हणजे उभ्या जागी इंजिन चालू असताना, ३.५ टक्के मोनॉक्साइड आणि ४५०० पीपीएम हायड्रोकार्बन चालतं. नीट ट्यून केलेली गाडी कॅटशिवाय यात आरामात बसते. बीएस-४ पासून हे आकडे ०.५ टक्के आणि ५०० पीपीएम झाले. एप्रिल २०२५ पासूनच्या ओबीडी-२बी (गाडीनं स्वतःचे बिघाड ओळखण्याच्या नियमांचा नवा टप्पा) गाड्यांत कॅटच्या प्रकृतीवर ईसीयूच लक्ष ठेवतो आणि तो निकामी झाला की मीटरवर इंजिनचा दिवा लावतो.