घर शोधण्याचे ओझे भाडेकरूवर कसे आले : अमेरिकेतील भाडे-व्हाउचरची पार्श्वभूमी

अमेरिकेत एकेकाळी सरकारी गृहसाहाय्य म्हणजे सरकारी पैशाने बांधलेले घर, असेच समीकरण होते. १९३७च्या गृहनिर्माण कायद्यानुसार केंद्र सरकारच्या निधीतून स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांनी वसाहती उभारायच्या आणि तेथील घरे गरजू कुटुंबांना कमी भाड्याने द्यायची, अशी व्यवस्था होती. आज सुमारे २३ लाख कुटुंबांना आधार देणाऱ्या तेथील सर्वांत मोठ्या भाडेसाहाय्य योजनेत मात्र घर मिळत नाही; मिळते ते व्हाउचर, म्हणजे भाड्याचा मोठा वाटा सरकार भरेल अशी हमी. म्हाडाच्या सोडतीत नाव लागले की घर कोणते हे बहुधा ठरलेले असते. येथे नंबर लागल्यावरच शोधाशोध सुरू होते.

हा बदल एकाएकी झाला नाही. गरिबांसाठी घरे बांधण्याऐवजी त्यांना भाड्याचे प्रमाणपत्र द्यावे, ही सूचना १९३७च्या कायद्याच्या वेळीही पुढे आली होती आणि फेटाळली गेली होती. पुढे वसाहतींची देखभाल भाड्याच्या वसुलीवरच अवलंबून राहिली, रहिवाशांचे उत्पन्न घसरत गेले आणि दुरुस्त्या रखडल्या. सेंट लुईस शहरातील प्रुइट-आयगो वसाहतीच्या अकरा मजली ३३ इमारती १९५०च्या दशकात उभ्या राहिल्या आणि १९७२मध्ये त्या पाडायला सुरुवातही झाली. १९६९मध्ये सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने सरकारी घरांचे भाडे उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपुरते मर्यादित केले. भाडेकरूंना त्याची नितांत गरज होती, परंतु प्राधिकरणांच्या तिजोरीवरील ताण त्यामुळे वाढला. जानेवारी १९७३मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी नव्या अनुदानित गृहनिर्माणाला स्थगिती दिली आणि ऑगस्ट १९७४मध्ये अध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने जुन्या १९३७च्या कायद्यात ‘कलम ८’ नव्या रूपात आणले. खासगी मालकाच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूला साहाय्य देण्याची वाट तेथून रुंद झाली. सुरुवातीला त्यासाठी प्रमाणपत्रे होती, रेगन यांच्या काळात व्हाउचर आले आणि १९९८च्या कायद्याने दोन्ही एकत्र करून आजची योजना घडवली. दरम्यान १९८१मध्ये कुटुंबाचा वाटा उत्पन्नाच्या ३० टक्क्यांवर नेण्यात आला होता.

कागदावर ही रचना सोपी दिसते, प्रत्यक्षात तिच्यातील प्रत्येक पायरीला वेळ लागतो. अनेक वर्षे प्रतीक्षा यादीत काढल्यावर व्हाउचर हाती येते आणि घर शोधण्यासाठी सुरुवातीला किमान ६० दिवसांची मुदत असते. या मुदतीत प्राधिकरणाच्या भाडेमर्यादेत बसणारे घर सापडले पाहिजे आणि मालकाने अर्जावर सही केली पाहिजे. मग निरीक्षक येऊन गरम पाणी, खिडक्या, धुराची सूचना देणारी यंत्रे तपासतो. घर १९७८पूर्वीचे असून कुटुंबात सहा वर्षांखालील मूल असेल, तर शिसेयुक्त रंगाचे पोपडे निघालेले नाहीत ना, हेही पाहतो. घर या तपासणीत उतरेपर्यंत सरकारी हप्ता सहसा सुरू होत नाही, त्यामुळे तोवर मालकाला घर रिकामे ठेवावे लागते. लगेच अनामत रक्कम घेऊन येणारा दुसरा भाडेकरू दारात असताना कितीजण थांबतील? शिवाय अनामत रक्कम आणि अर्जाचे शुल्क व्हाउचरमधून सहसा मिळत नाही. मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही, तर व्हाउचर परत जाते. २००० सालच्या एका राष्ट्रीय पाहणीत व्हाउचर मिळालेल्यांपैकी ६९ टक्क्यांनाच ते वापरता आले होते. माझ्या मते या योजनेच्या इतिहासातील सर्वांत बोलका आकडा हाच आहे.

मालकाचा सहभाग ऐच्छिक, हे तत्त्व सुरुवातीपासूनच होते. १९८७मध्ये संसदेने त्याला थोडा लगाम घातला : एका व्हाउचरधारकाला घर देणाऱ्या मालकाने दुसऱ्याला केवळ व्हाउचरमुळे नाकारू नये, अशी तरतूद केली. त्यामुळे मालक योजनेतच येत नाहीत, असा आक्षेप निघाला आणि १९९८मध्ये ती कायमची रद्द झाली. १९६८चा समन्याय गृहनिर्माण कायदा वंश, धर्म यांसारख्या कारणांवरून घर नाकारण्यास बंदी करतो, पण उत्पन्नाच्या स्रोताचा त्यात उल्लेख नाही. ही उणीव राज्यांनी आणि शहरांनी आपापल्या परीने भरली. मॅसॅच्युसेट्सने १९७१मध्येच पाऊल उचलले, कॅलिफोर्नियात व्हाउचरधारकांना राज्यभर संरक्षण मिळायला २०२० उजाडले, तर टेक्सासने २०१५मध्ये शहरांना असे नियम करण्यासच बहुतांशी मनाई केली.

या फरकाचे परिणाम अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०१८च्या अभ्यासात दिसतात. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे चौकशी केलेल्या ७८ टक्के मालकांनी व्हाउचर नाकारले. संरक्षण असलेल्या राजधानी वॉशिंग्टनमध्ये हे प्रमाण १५ टक्के होते. मात्र संरक्षणाचा नियम असूनही फिलाडेल्फियात ६७ टक्के मालकांनी नकार दिला.